शार्कची सोबतीण

सोमवार, ४ नोव्हेंबर

पोचले. ओकीचोबी तळ्याकाठून सकाळची बस, मायामीला दुसरी, आणि मग पूल संपला की बेट आणि बेट संपलं की पूल. डाव्या खिडकीत समुद्र, उजव्या खिडकीतही समुद्र. पन्नाशी आली आणि खारं पाणी एवढ्या जवळून आजच पाहिलं. वेन्डल असता तर म्हणाला असता, एवढं पाणी आणि चहापुरतं एक भांडं नाही.

मालकीण स्वतः थांब्यावर आली होती. मर्टिस अल्बरी. सत्तरीची, काटक, डोक्यावर पुरुषाची टोपी. सगळं बेट तिला कॅप्टन म्हणतं, म्हणून मीही म्हणते. माझी पेटी तिनेच उचलून पिकअपच्या मागे टाकली आणि विचारलं की आत विटा भरल्यायत का. मी म्हटलं, पुस्तकं. ती म्हणाली, बरं झालं, इथे टीव्हीवर एकच चॅनल धड दिसतं आणि त्यावर एक पाद्री ओरडत असतो.

खोली बर्फघराच्या वर आहे. खाली यंत्र घरघरतं आणि जमीन कायम गार लागते. खिडकीतून सगळं आवार दिसतं. खाडीचा एक तुकडा जाळी लावून बंद केलाय, त्याला हे लोक कोंडवाडा म्हणतात. त्याच्या काठाला क्रेन, दोन गोल टाक्या आणि ट्रक. शार्क, पाकट, पोत्याएवढे गोब्रे, सगळे इथून देशभरच्या मत्स्यालयांत जातात, आणि जिवंत जातात. जेवताना कॅप्टनने टेबलावर बोट आपटून सांगितलं की तिच्या आवारातून निघालेला एकही मासा आजवर वाटेत मेलेला नाही. बाकीचे धंदेवाले मेलेले मासे खाली उतरवतात आणि नशिबाला शिव्या देतात.

मी नवऱ्याबरोबर, वेन्डलबरोबर, वीस वर्षं दुधाचा टँकर चालवला, माझ्याकडे मोठ्या गाडीचा परवाना आहे, म्हणून मला घेतलं. फोनवर तिने हेही विचारलं होतं की घरी वाट पाहणारं कोणी आहे का. मी म्हटलं, कोणी नाही, आणि असतं तरी तुम्हाला काय करायचंय. ती खो खो हसली. म्हणाली, अशीच बाई हवी.

मार्चमध्ये वेन्डल गेला. तेव्हापासून आमच्या गावात लोक माझ्याशी दबक्या आवाजात बोलायचे, जणू मी झोपलेलं मूल आहे. इथे कोणी दबून बोलत नाही. जेवण तळलेला मासा, मक्याची पेज आणि लिंबाचा आंबटगोड केक. दोनदा वाढून घेतला.

बुधवार, ६ नोव्हेंबर

काम शिकतेय. टाकी गोल असते, कारण शार्कला मागे पोहता येत नाही. कोपऱ्यात घुसली की तिथेच संपली. पाणी काठोकाठ भरायचं आणि वर झाकण घट्ट आवळायचं. हे मला कोणी सांगायला नको होतं. अर्धा भरलेला टँकर काय करतो ते मला माहीत आहे. पहिल्याच वर्षी रस्त्यात वासरू आलं, वेन्डलने ब्रेक मारला आणि मागच्या दुधाने आम्हाला ढकलत ढकलत खड्ड्यात नेलं.

हे सांगितल्यापासून फाउस्तो मला दूधवाली म्हणतो. फाउस्तो म्हणजे ट्रकचा मुख्य ड्रायव्हर. बाप हवानाहून होडीतून आला, पोरगा इथेच जन्मला, आणि त्याच्या तोंडाला कुलूप नाही. सकाळी मला दूध घातलेली कॉफी आणि भाजलेला पाव आणून दिला आणि विचारलं की दूध ताजं आहे का ते बघ, तुझ्याएवढं कोणाला कळणार. मी म्हटलं, दुधाने मला आयुष्यात त्रास दिला नाही, दिला तो जवळ बसणाऱ्या ड्रायव्हरने.

जातीजातीत फरक असतो, पण आम्ही जी नेतो ती राखाडी शार्क थांबली की गुदमरते. तोंडातून पाणी आत जाऊन कल्ल्यांवरून वाहत राहिलं पाहिजे, तेव्हाच तिला श्वास मिळतो. म्हणून टाकीत पंपाने पाणी गोल फिरवतात आणि ऑक्सिजन सोडतात. निघण्याआधी तिला काही दिवस उपाशी ठेवतात, नाहीतर ती स्वतःच्याच घाणीत मरेल. उचलायची ती जाड कापडाच्या झोळीतून, पोटाखाली आधार देऊन. पाण्याबाहेर तिचं वजनच तिची आतडी चिरडतं.

आणि प्रत्येक माशाबरोबर एक सोबती जातो. तेच माझं काम. ट्रेलरमध्ये टाकीला लागून एक खुर्ची आणि काचेची खिडकी आहे. तिथे बसून कल्ले पाहायचे. ड्रायव्हर बदलला तरी सोबती बदलत नाही. पोचल्यावर मासा उतरवायचा की नाही हे सोबतीच ठरवतो. त्याने ‘तयार’ म्हटल्याशिवाय झोळीला कोणी हात लावत नाही, मालकसुद्धा नाही. कॅप्टन म्हणाली, हा या धंद्याचा धर्म आहे. मग सोबती उथळ पाण्यात उतरतो, शार्कला दोन्ही हातांवर धरतो आणि गोल गोल चालवतो. तिने शेपटीचा पहिला फटका स्वतः मारला की सोडायचं.

माझ्याआधी सोबती होता तो ॲम्ब्रोझ. बहामाकडचा म्हातारा, सज्जन दिसतो. तो आवारात चालतो. सारखा. हातात कॉफी घेऊन टाक्यांमागून, क्रेनखालून, कोंडवाड्याच्या काठाने, परत टाक्यांमागून. जेवतोही चालताना. फाउस्तो म्हणतो, पाठीचं दुखणं आहे. कॅप्टन म्हणते, नवस बोललाय. मी त्याला शुभ सकाळ म्हटलं आणि त्याचं उत्तर मला पुढच्या फेरीला मिळालं.

शनिवार, ९ नोव्हेंबर

आज तिला भेटले. जिला मला न्यायचंय ती. नाव नाही, कॅप्टन म्हणते मालाला नाव ठेवायचं नसतं. पण सगळे तिला बाई म्हणतात. माझ्यापेक्षा हातभर तरी लांब, पाठीवर उंच त्रिकोणी पर. वसंतात ती ओहायोला गेली होती. तिथल्या टाकीला गळती लागली आणि तिला परत आणावं लागलं. तेव्हा सोबती ॲम्ब्रोझ होता.

कॅप्टनने मला कंबरभर पाण्यात उतरवलं आणि उघडा हात तिच्या कल्ल्यांमागे ठेवायला लावला. दुसरीकडे सगळे हातमोजे घालतात. ह्या आवारात तसं नाही, तिला तुझी ओळख पटली पाहिजे, असं ती म्हणाली. मला ते पटलं. नव्या गाईलाही आधी हात लावून घ्यावा लागतो. बाईची कातडी एका दिशेने मखमल आणि उलट्या दिशेने कानस. तळहात थोडा सोलवटला.

ॲम्ब्रोझ काठाने गेला तेव्हा न थांबता म्हणाला की हातमोजे घाल. पुढच्या फेरीला म्हणाला, तिचे श्वास मोज, पण तिच्याबरोबर जाऊ नकोस. मी ओरडून विचारलं, मी बापडी तिच्याबरोबर कुठे जाणार? तो पुढे गेला होता. कॅप्टनने त्याला ठणकावलं की स्वतःच्या बुटांकडे बघ, झिजलेत. तिसऱ्या फेरीला तो बुटांकडे बघत निघून गेला. माझ्याकडे बघितलंही नाही.

मी मात्र चौकातल्या दुकानातून हातमोजे विकत आणले. म्हातारी माणसं उगीच बोलत नाहीत.

श्वास मोजण्याचं म्हणाल तर ते मला येतं. शेवटच्या आठवड्यात वेन्डलचे मोजत होते. दोन आखूड, एक लांब, मग थांबा. मी त्याच्या तालावर श्वास घ्यायचे, म्हणजे तो थांबला की मी पुढचा घ्यायचे आणि तो माझ्यामागून यायचा. नर्सने मला बाहेर काढलं, म्हणाली तुम्हालाच घेरी येईल. मी आत राहिले असते तर काय झालं असतं हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून मी कोणाला विचारत नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर, संध्याकाळी, चालत्या ट्रकमध्ये

अक्षर वाकडं येणार. असू दे. आज मी जिंकले आणि ते लिहून ठेवणार.

उजाडताना बाईला भरली. झोळी, क्रेन, टाकी, झाकण, सगळं नीट झालं. ॲम्ब्रोझ फेऱ्या मारत होता. ट्रक फाटकातून निघाला तेव्हा तो फाटकापर्यंत धावत आला. हात हलवायला असेल असं मला वाटलं, पण त्याने हात हलवला नाही.

बेटांवरून बाहेर पडायला रस्ता एकच. सात मैलांच्या पुलावर कोणाची तरी होडी गाडीवरून घसरून आडवी पडली होती. मागे रांग, पुढे रांग, डोक्यावर ऊन. तासभराने जनरेटर तापून बंद पडला. पंप थांबला. टाकीतलं पाणी फिरायचं थांबलं.

फाउस्तो जनरेटरखाली घुसून दोन भाषांत शिव्या देत होता. मी खिडकीशी होते. बाई तळाला टेकली होती. कल्ले उघडायचे, थांबायचे. मग ते एका तालात आले. दोन आखूड. एक लांब. थांबा.

तो ताल मी ओळखते.

झाकण काढलं. हातमोजे काढले, कारण त्यांतून काही कळत नव्हतं. खांद्यापर्यंत हात आत घातले, हनुवटी पाण्याला टेकली, तिला तळावरून उचलून धरली, आणि तिच्याबरोबर श्वास घ्यायला लागले. मोठ्याने. दोन आखूड, एक लांब, आणि जिथे ती थांबायची तिथे मी थांबले नाही. पुढचा घेतला. इथे मला बाहेर काढायला नर्स नव्हती. पुन्हा घेतला. आणि ती आली! माझ्यामागून आली. कल्ले उघडले ते उघडतच राहिले.

जनरेटर सुरू झाल्यावर फाउस्तो वर आला. मी गळ्यापर्यंत भिजलेली, तिला कवेत धरून उभी. त्याने छातीवर क्रूस काढला आणि म्हणाला, दूधवाली, आता तेवढी तिची धार काढ म्हणजे झालं.

हसून हसून मला रडू आलं. मार्चनंतर पहिल्यांदा. एक जीव तरी माझ्या हातून निसटला नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर, सकाळ, जॉर्जिया

न्याहारीच्या ठिकाणी रांगेत उभी होते आणि श्वास आला नाही.

धाप लागली नाही, छातीत दुखलंही नाही. घ्यायला गेले आणि तो तिथे नव्हता, जसा तोंडावर असलेला शब्द ऐन वेळी नसतो. मी दचकून पुढे पाऊल टाकलं, तर आला. पुढच्या बाईच्या पाठीवर आदळले. तिने मला, आजी, सगळ्यांना भूक लागलीय, असं सुनावलं.

कॉफी घेऊन बाकावर बसले. पुन्हा तेच. उठून पेट्रोलपंपाला फेरी मारली, तर श्वास अगदी नेहमीसारखा. फाउस्तो अंडी खात काचेतून बघत होता. बाहेर आला आणि म्हणाला, ॲम्ब्रोझचं वारं लागलं वाटतं तुला. मग माझे ओठ पाहिले आणि हसायचा थांबला.

मी ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. आठवीनंतर शाळा सुटली, पण तपासून घ्यायची सवय मी पुस्तकांतून लावून घेतली. म्हणून पुन्हा बसले. मुद्दाम. डोळ्यांपुढे काळं येईपर्यंत बसले, मग चालले. परत बसले. दर वेळी तेच. उभी राहिले तरी तेच.

ट्रक चालू असला की काही होत नाही. खुर्चीत बसूनही होत नाही. म्हणजे मी पुढे सरकत असले की पुरे. तिच्यासारखी.

लाल दिवा लागला की ट्रेलरमध्ये चार पावलं पुढे, चार मागे.

आणखी एक. माझा श्वास अडला की मी खिडकीतून तिला पाहते. तिचे कल्ले अडत नाहीत. सावकाश, चांगले रुंद उघडतात, आणि त्याच वेळी माझ्या छातीतून काहीतरी ओढून घेतल्यासारखं होतं. लहान मूल पितं तसं.

१३ नोव्हेंबर, दुपार

फाउस्तोला थांबवून कॅप्टनला फोन केला. फोनची वायर जेवढी जाईल तेवढं पुढे, तेवढं मागे. लोक बघत होते. बघू देत.

तिला आश्चर्य वाटलं नाही. पहिली बातमी तिनेच दिली, लग्न ठरल्यासारखी. ॲम्ब्रोझ बसला. काल दुपारी, आवारातल्या झाडाखाली बाकावर बसला आणि तोंड उघडं टाकून झोपला. अंगावर पांघरूण घातलंय. अजून झोपलाच आहे.

काल दुपारी. मी पुलावर होते तेव्हा.

मग मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. काही लपवलं नाही, त्याचाच मला जास्त राग आला. म्हणाली, मी तुला फक्त हात ठेवायला सांगितला होता, श्वास तू आपणहून दिलास. सगळे आपणहूनच देतात. एकटी माणसं फार लवकर देतात. मासा अडला की सोबती त्याच्याबरोबर श्वास घेतो, मग तो मासा सोबत्याच्या श्वासावर जगतो. म्हणून माझा एकही मासा मरत नाही. मासा मेलाच तर सोबतीही जातो. एकदा ट्रक उलटला होता तेव्हा गेला. आम्ही हृदयविकार लिहिला.

सुटायचं कसं ते मी विचारलं. तिने सांगितलं, पुढच्याला द्यायचं. बाईला पाण्यात दुसऱ्या कोणी उघड्या हातांनी चालवलं, ती अडली आणि त्याने तिच्याबरोबर श्वास घेतला, की तू मोकळी. ओहायोत सगळ्यांनी हातमोजे घातले होते, म्हणून ॲम्ब्रोझ बिचारा तसाच परत आला. मिसुरीत, तू जातेयस तिथे, एक पोरगी आहे, माशांबरोबर पाण्यात उतरणारी, फार हौशी. हातमोज्यांना नाकं मुरडते.

मी म्हटलं, त्या पोरीचं काय? ती म्हणाली, कोवळी फुप्फुसं आहेत, तुझ्यापेक्षा जास्त टिकतील. मी म्हटलं, तुझ्या तोंडात किडे पडोत. ती म्हणाली, रोवेना, बाळ, शहाण्यासारखं वाग, उगाच नडतेस कशाला, तुझ्यामागे रडायलाही कोणी नाही.

मी म्हटलं, मी आहे.

आणि फोन ठेवला. तिला कळलं नसेल. मला कळलं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर, मिसुरी

आलो. मत्स्यालयाचं मागचं दार. भिंतीवर शाळेतल्या पोरांनी काढलेली शार्कची चित्रं, सगळ्यांचे दात माणसांसारखे.

ट्रक उभा राहिला तशी मी त्याच्याभोवती चालायला लागले. सदऱ्याच्या लांब बाह्या कोपरापर्यंत गुंडाळलेली एक पोरगी धावत आली. केंड्रा. माझ्याबरोबर चालत चालत बोलत होती. महिनाभर वाट बघतेय, रात्री झोप नाही, आईला फोनवर दुसरा विषय नाही. म्हणाली, हातमोज्यांतून कळत काहीच नाही हो, तिचं हृदय लागलं पाहिजे हाताला. म्हणाली, तुम्ही दमलात, बसा ना. आणि खुर्ची घेऊन आली.

खुर्ची. साधी, लोखंडी, घडीची.

ती मी किती वेळा ओलांडली कोण जाणे. दर फेरीला ती तिथेच. ट्रेलरच्या दारातून खिडकी दिसत होती, आणि बाई काचेला लागून. कल्ले. दोन आखूड, एक लांब. थांबा. वेन्डलचाच ताल. ती मला तो दाखवत होती. म्हणत होती, म्हण की, म्हण ‘तयार’.

क्रेनवाला थांबला होता. झोळी धरणारे थांबले होते. त्यांचा साहेब घड्याळ बघत होता. एकच शब्द.

मी तिला मनात म्हटलं, तू वेन्डल नाहीस. त्याला स्वतःला श्वास मिळत नव्हता तेव्हा तो हाताने खूण करून मला सांगत होता, घरी जा, थोडं झोप. त्याने माझ्याकडून काही ओढून घेतलं नाही. तू त्याचा ताल चोरलास, मेले, तो माणूस तुला चोरता येणार नाही.

मग मोठ्याने म्हटलं, मासा तयार नाही.

साहेब चिडला. म्हणाला, दिसतेय की ठणठणीत. मी म्हटलं, टाकीतलं अर्धं पाणी बदलून द्या. दिलं. आता? मी म्हटलं, तयार नाही. तो म्हणाला, तुमच्या मालकिणीला फोन करतो. मी म्हटलं, करा, ती म्हणेल हा धंद्याचा धर्म आहे. झोळीवाल्यांनी हात मागे घेतले. त्यांनाही ते माहीत होतं.

केंड्राला बाजूला घेतलं. सांगितलं, कुठलाही मासा असो, हातमोजे घाल. श्वास मोज, पण त्याच्याबरोबर जाऊ नकोस. ती रडवेली झाली होती, तरी हसली. म्हणाली, मी कुठे जाणार?

फाउस्तोला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. तो थुंकला, आकाशाकडे बघितलं, म्हणाला, दूधवाली, तुझं डोकं फिरलंय. माझंही फिरलंय, कारण मी गाडी सुरू करतोय. कुठे?

मी म्हटलं, समुद्राला. जो जवळ असेल त्या.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ

दक्षिणेकडे. आम्ही आलटून पालटून चालवतोय. चाक हातात असलं की बरं वाटतं. मागे ती, पुढे मी.

फाउस्तो विचारतो, समुद्रात सोडल्यावर ती सुटेल, तू सुटशील का? ॲम्ब्रोझ एकदा टॅम्पापर्यंत पळाला होता म्हणे, काही फरक पडला नाही. रुग्णगाडीतून आडवा होऊन परत आला.

पण त्याने तिला सोडलं नव्हतं. ठेवून पळाला होता. आजवर सगळ्यांनी एक तर धरून ठेवलं, नाहीतर दुसऱ्याच्या हातात दिलं. सोडलं कोणीच नाही. मी हेच करून बघणार. चुकले तर माझी मी.

एक गोष्ट लिहून ठेवते. माझ्या नावापुढे हृदयविकार लिहायचा नाही. मला हृदयविकार नाही.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

अलाबामा. लाकडांचा ट्रक उलटलाय. रांग. रांग —

फाउस्तोने आमचा ट्रक कच्च्या कडेवरून काढला. शिव्या, भोंगे. मी ट्रेलरमध्ये चार पुढे चार मागे, चार — भिंतीला डोकं आपटलं. चालतंय.

ती आता जास्त ओढते. चालत्या ट्रकमध्येही. तिला कळलंय कुठे चाललोय. की नाही कळलं. मासा आहे. शेवटी मासाच आहे.

तिचा राग येत नाही. तिला जगायचंय. मलाही. एवढंच भांडण.

१५ नोव्हेंबर, नंतर

खाऱ्या वाऱ्याचा वास. पाइनची झाडं, मग वाळू. होड्या उतरवायचा उतार. ट्रक थांबला.

चालत लिहितेय. गोल. फाउस्तोने कोळंबी पकडणारे दोन भाऊ पकडून आणलेत. त्यांना हातमोजे दिले. त्यांना वाटतं आम्ही मत्स्यालयातून चोरी केलीय. एक म्हणतो, मावशी, ही तुम्हाला चावली का? म्हटलं, चावली असती तर बरं होतं.

झोळी वर आली. सगळे माझ्याकडे बघतायत. शब्दासाठी.

तयार.

वही फाउस्तोकडे देते. उघडे हात. दुसऱ्या कोणी हात लावायचा ना —

१५ नोव्हेंबर

बाहेर आलेय. पान ओलं आहे, पेन चालतंय.

चालवलं तिला. छातीभर पाण्यात. माझ्या हातांवर, जड, गार. वेन्डलचा ताल पुन्हा. दोन आखूड — मी मोजलं. गेले नाही तिच्याबरोबर. तिने शेपटी मारायच्या आधीच हात काढले. आधी. तिने ठरवायच्या आधी मी.

बुडायला लागली. वाटलं, गेलो दोघीही. मग एक फटका. दुसरा. पर दिसला, मग नाही दिसला.

छातीत काहीतरी ताणलं जातंय. दोरीसारखं. लांब, लांब —

फाउस्तो ओरडतोय, चाल, दूधवाली, चालत राहा, आईशप्पथ चाल.

नाही. खूप चालले. ह्यापुढे श्वासासाठी मी कोणाच्या मागे फिरणार नाही. वाळूत बसले आहे. पाय पसरून. लाटा मांडीपर्यंत येतात. श्वास यायचा असेल तर इथे यावा, ह्या जागी. अजून आला नाही. डोळ्यांपुढे — काळं नाही, राखाडी. अजून — फाउस्तो हात धरून ओढतोय, मी त्याला म्हटलं सोड, आणि मी एक पाऊलसुद्धा —